बाजा एक नग, चालू स्थितीत

कचेरीत फायली साचतात असा लोकांचा समज आहे. फायली साचत नाहीत, हरवतात. साचतात ते किस्से! त्यांना जावक क्रमांक लागत नाही, वाळवी लागत नाही, आणि माणूस निवृत्त झाला तरी त्यांचा चार्ज मागायला कुणी येत नाही. माझ्याकडे असं एक गाठोडं आहे आणि त्यातले निम्मे किस्से एकाच वस्तूचे आहेत. ती वस्तू म्हणजे परभणीत आमच्या साहेबलोकांच्या क्लबात असलेला पियानो.

कचेरी कोणती ते सांगत नाही. पेन्शन अजून तिथूनच येते.

निजामी अमलात कुण्या हौशी तालुकदारानं, म्हणजे तेव्हाच्या कलेक्टरानं, तो हैदराबादहून आणला होता. त्याला वाजवायला वादक लागत नसे. पोटात कागदाची गुंडाळी बसवायची आणि खालची दोन पायडलं मारत राहायची. आत हवा खेचली जायची, कागद सरकायचा, आणि कागदाला जिथं भोक असेल तिथली पट्टी आपोआप खाली जायची. भोक म्हणजे सूर. भोक नाही, तर सूर नाही.

मी नाझर शाखेतला कारकून, म्हणून जडवस्तूंची नोंदवही माझ्याकडे. आणि प्रत्यक्ष पियानो कादर मिस्त्रीकडे. मिस्त्री रोज पिंगळीहून पॅसेंजरनं यायचा. कागदोपत्री तो फर्राश, म्हणजे सतरंज्या अंथरणारा. खरं तर तो त्या बाज्याचा हकीम होता. त्याच्या बापानंही याच पायडलांवर उमर काढलेली. दर मार्चला पडताळणी व्हायची आणि जी वस्तू "चालू स्थितीत" नसेल ती निर्लेखित होऊन लाकडाच्या वखारीत जायची. वखारवाला दर मार्चला येऊन बाज्यावर टिचकी मारून लाकूड बघून जाई. तो गेला की मिस्त्री टिचकीची जागा फडक्यानं पुसून काढी.

"भाऊसाब," तो मला म्हणायचा, "बाजा गेला तं माजी बी रजाच समजा. सतरंज्या काय, कुनी बी हातरंल."

* * *

जुन्या उर्दू नोंदवहीत या बाज्याची नोंद होती, "बाजा, खुद बजनेवाला, एक अदद." कारभार मराठीत आला तेव्हा माझ्या आधीच्या कारकुनानं तिचं भाषांतर केलं, "स्वयंचलित यंत्र, एक नग."

एका साली लेखापरीक्षक आले. नोंदीवर बोट ठेवून म्हणाले, "स्वयंचलित आहे, मग लॉगबुक कुठंय?"

मी त्यांना क्लबात नेऊन बाजा दाखवला. त्यांनी तो चारी बाजूंनी पाहिला आणि आक्षेप लिहिला, "लॉगबुक ठेवलेले नाही."

नाइलाजानं ठेवलं. जीपचं छापील लॉगबुक होतं, त्यातच मिस्त्री रोज नोंद करू लागला. चालक: कादर. प्रवास: निरंक. डिझेल: निरंक. पुढच्या सालच्या लेखापरीक्षकांनी ते पान न् पान वाचलं आणि नवा आक्षेप घेतला, "वाहन वर्षभर जागेवरच उभे आहे. मग चालकाची आवश्यकता काय?"

मिस्त्रीचा चेहरा उतरला. मी उत्तरात लिहिलं, "ते जागेवर उभे राहावे यासाठी."

आक्षेप निकाली निघाला!

* * *

बाज्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक होती. तिच्यात अकरा गुंडाळ्या. पण आमच्या बाज्याला त्यांतल्या तीनच चालायच्या. उरलेल्या आठ दुसऱ्या कंपनीच्या. त्यांची टोकंच वेगळी, आमच्या बाज्यात बसायचीच नाहीत.

मिस्त्री हार मानणारा नव्हता. सेलूच्या जिनिंगमध्ये त्याचा मावसभाऊ लेथवर होता. त्याच्याकडून लाकडी टोप्या कातून आणल्या, गुंडाळीच्या दोन्ही टोकांना ठोकल्या आणि गुंडाळी बसवली. बसली! आम्ही चार-पाच जण जेवणाच्या सुट्टीत डबे घेऊनच ऐकायला गेलो. मिस्त्रीनं बिस्मिल्ला म्हणून पायडल मारलं.

मानवतच्या आडतीत चार सौदे एकाच वेळी पुकारावेत तसा आवाज आला.

मिस्त्रीनं कागद काढून उन्हात धरला, तेव्हा उलगडा झाला. त्या कंपनीची भोकं लांब लांब होती, आमच्या बाज्याच्या हवा ओढणाऱ्या नळ्या जवळ जवळ. दर भोक शेजाऱ्याच्या दारात पडत होतं.

"ह्यो कागद दुसऱ्या जातीचा हाय," मिस्त्री म्हणाला.

आमचा टायपिस्ट वाघमारे डबा उघडत होता. वस्तीतल्या गायन पार्टीत तो पेटी वाजवायचा. दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे, चहाच्या टपरीवरही माणूस आधी आडनाव ऐकायचा आणि मग कप पुढं करायचा. वाघमारे मान वर न करता म्हणाला, "मिस्त्री, निदान बाज्यात तरी जात नका आणू."

"मी कशाला आनू, साब? कंपनीनं केलीय."

"आमच्या वेळेलाही सगळे हेच म्हणतात!" वाघमारे म्हणाला.

* * *

त्याच गुंडाळ्यांपैकी एक घेऊन मिस्त्री पुन्हा सेलूला निघाला. टोप्यांऐवजी नळीच बदलता येते का, ते मावसभावाला विचारायला. त्या दिवशी नेमका बंद. सेलू स्टेशनवर हवालदारानं अडवलं.

"बगलेत काय हाय?"

"गाना हाय, साब."

हवालदारानं फडकं सोडलं. आत दहा-वीस हात लांब कागद, त्यावर एक अक्षर नाही, नुसती भोकं! बंदच्या दिवशी अक्षर नसलेला कागद म्हणजे फारच गंभीर. त्यानं गुंडाळी प्लॅटफॉर्मवर या टोकापासून त्या टोकापर्यंत उलगडायला लावली आणि बाजूनं चालत गेला.

"घोषणा कुठं लिवलीय ह्यात?"

"घोषणा न्हाई साब, नुसता सूर हाय."

"वाचून दाखव मग!"

मिस्त्रीला वाचता येईना आणि हवालदार सोडीना. शेवटी मिस्त्रीनं कागदाच्या कडेकडेनं चालत, भोकांवर बोट फिरवत, मनाला येईल ते गाऊन दाखवलं. गाडीची वाट बघणारे लोक गोळा झाले. गाणं संपल्यावर हवालदारानं कागद परत दिला आणि दम भरला, "पुन्हा असं बेसूर घेऊन हिंडलास तं आत टाकीन!"

* * *

उंदरांचा त्रास वाढला म्हणून तीन चांगल्या गुंडाळ्यांपैकी एक मी अभिलेख कक्षात ठेवायला दिली. तिथं किशनराव होते. अत्यंत सचोटीचा माणूस. निजामाच्या वेळचे कसर लागलेले दस्तऐवज डिंक आणि पातळ कागद लावून नीट करायचे, हे त्यांचं काम. त्यात त्यांचा हात धरणारा मराठवाड्यात कुणी नव्हता.

दोन महिन्यांनी किशनराव स्वतः गुंडाळी घेऊन क्लबात आले. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"लय वाईट हालत होती हो कागदाची! चाळणी केली होती किड्यानं. समदी भोकं बुजवली. एक बी सोडलं न्हाई!"

इतक्या उमेदीनं आलेल्या माणसाला मिस्त्री बसा म्हणाला, गुंडाळी चढवली आणि पायडल मारू लागला. कागद सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरकत गेला. एक पट्टी हलली नाही. किशनराव डोळे मिटून ऐकत होते. एवढी सफाईदार शांतता मी सरकारी नोकरीत दुसऱ्यांदा ऐकली नाही.

संपल्यावर किशनरावांनी डोळे उघडले. "पाहा! कुठं अडकलं का?"

* * *

दुसरी चांगली गुंडाळी एका साहेबांच्या बाईसाहेबांनी दिवाळीत मागवून घेतली. साहेबांच्या घरून निरोप आला की वस्तू कशाला हवी ते विचारायचं नसतं. मी पोच घेऊन पाठवून दिली.

पाडव्याला मिस्त्री फराळाच्या निमंत्रणावरून बंगल्यावर गेला, तो फाटकातच थबकला. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत ठिपक्याठिपक्यांची सुबक रांगोळी! बाईसाहेबांनी गुंडाळी जमिनीवर पसरून वरून रांगोळी चाळली होती. छाप म्हणून फार छान चालते, शेजारणींनीही नेली होती, असं त्यांनी कौतुकानं सांगितलं.

मिस्त्री रांगोळी न मोडता कडेकडेनं चालत आला आणि म्हणाला, "बाईसाब, छान हाय. फक्त पायरीपाशी थोडा बेताल झालाय."

गुंडाळी परत आली ती रांगोळीनं माखून. मिस्त्रीनं झटकली, फुंकली, आणि भीत भीत लावली. बाजा हवा आत ओढतो, हे आम्ही विसरलो. त्यानं रांगोळीही आत ओढली. पुढं महिनाभर तो दम्याच्या पेशंटसारखा वाजायचा आणि मधेच खोकायचा. कागद तर चोळामोळा होऊन गेला.

* * *

राहिली एक गुंडाळी. तिच्यावरचं गाणं कोणतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चिठ्ठी केव्हाच गळून पडलेली. पण मिस्त्रीनं त्या एका गाण्यावर सगळा क्लब चालवला. कुणा साहेबांची बदली झाली, की निरोपाला पायडल सावकाश मारायचं. गाणं असं जड व्हायचं, की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. नवे साहेब आले, की स्वागताला पायडल जोरात. तेच गाणं उड्या मारायचं! कुणाला कळत नसे.

एकदा मात्र काटकसर म्हणून निरोप आणि स्वागत एकाच समारंभात ठेवलं. दोन्ही साहेब शेजारी शेजारी हार घालून बसलेले. मिस्त्री माझ्या कानाशी आला, "भाऊसाब, पयले कोन?"

"सेवाज्येष्ठतेनं. जाणारे आधी."

गाणं सावकाश सुरू झालं. जाणाऱ्या साहेबांनी रुमाल काढला. अर्धं झाल्यावर मिस्त्रीनं न्यायानं नव्या साहेबांचा वाटा द्यायला घेतला आणि पाय धडाधड मारू लागला. बाजा एकदम आनंदानं नाचायला लागला.

जाणाऱ्या साहेबांनी रुमाल खिशात ठेवला. "मी जायलोय म्हणून ह्याला इतका आनंद झाला काय हो?"

तेवढ्या धडाधडीत ती शेवटची गुंडाळी मधोमध फाटली.

* * *

फाटलेली गुंडाळी मिस्त्री चिकटवत बसला असतानाच क्लबात नवा पियानो आला. क्लबातल्या एका डॉक्टरसाहेबांच्या मेहुण्यानं दुबईहून आणलेला, विजेवर चालणारा. त्याची गाणी कागदावर नाही, फ्लॉपीवर. पोस्टकार्डाच्या निम्मी, चौकोनी, प्लास्टिकची वडी. पण बरोबर आलेली वडी एकच, आणि तीही दुबईतच बिघडलेली.

सेलूच्या एका लग्नातल्या ऑर्केस्ट्रावाल्याकडे दुसऱ्या कंपनीचा असाच बाजा होता. त्याच्याकडून वाघमारेनं वीस गाण्यांची फ्लॉपी आणली. "एकच हाय, जिवापाड जपा," असं त्या ऑर्केस्ट्रावाल्यानं दहादा बजावलेलं.

मिस्त्री दुरून बघत होता. "ही तरी बसंल का?"

फ्लॉपी टक्कन बसली. आकार अगदी एक! पण गाणं वाजेना. पट्ट्यांवरच्या काचेत इंग्रजीत प्रश्न उमटला. त्याचा मतलब असा, ही वडी माझ्या पद्धतीची नाही, माझ्या पद्धतीनं नव्यानं तयार करू का? होय की नाही?

वाघमारेनं बोट उचललं, "भाऊसाहेब, दाबू का?"

"थांबा!" मी म्हणालो. "यंत्रानं मान्यता मागितली आहे. असे प्रश्न कारकुनानं आपल्या पातळीवर सोडवायचे नसतात."

मी टिपणी ठेवली, "यंत्राने पृच्छा केली आहे. सकारात्मक उत्तर देण्यास हरकत नसावी." टिपणी पाच टेबलं चढली, पाच सह्या घेऊन तिसऱ्या दिवशी उतरली. साहेबांनी लिहिलं होतं, "होय. तात्काळ."

वाघमारेनं तात्काळ "होय" दाबलं. यंत्र थोडं घरघरलं आणि म्हणालं, तयार! वडी त्याच्या पद्धतीची झाली होती. आत गाणी किती? एकही नाही.

ऑर्केस्ट्रावाला तणतणत आला. मी त्याला फाईल दाखवली. त्यानं पाचही सह्या सावकाश वाचल्या. "ह्यातल्या नेमका कुनाला धरू मी?"

"कुणालाच धरता येऊ नये," मी म्हणालो, "म्हणून तर ही पद्धत आहे."

* * *

नव्या बाज्यामुळे जुन्याची वेळ आली. वरून पत्र आलं, एकाच कामासाठी दोन वाद्यं अनावश्यक. जुनं चालू स्थितीत नसेल तर निर्लेखित करावं. पडताळणीला विभागीय कचेरीतून स्वतः साहेब येणार. आणि आमच्याकडे वाजेल अशी गुंडाळी एकही नाही, चिकटवलेलीही पुन्हा फाटलेली. वखारवाला या वेळी टिचकी मारायला आला नाही. सरळ हातगाडी घेऊन आला आणि क्लबाबाहेर झाडाखाली थांबला.

मिस्त्रीनं हात टेकले. "भाऊसाब, मी पिंगळीलाच बसतो आता."

वाघमारे म्हणाला, "मिस्त्री, भोकंच पाडायची ना? मग पाडू की आपण! आख्खी कचेरी आयुष्यभर दुसरं करते काय?"

मोजणी कार्यालयातून नकाशांचा पातळ कागद मिळाला. वाघमारे नव्या बाज्यावर बसला आणि त्याच्या वस्तीत जयंतीला बायका पाळणा म्हणतात, त्याची चाल एकेक पट्टी दाबून सांगू लागला. "साहेबांच्या क्लबात आमचा पाळणा वाजू द्या एकदा," तो म्हणाला. कितवी पट्टी, किती वेळ, हे मी लिहून घेतलं. मग मी कागदावर खुणा केल्या, आणि चामड्याला भोकं पाडायच्या नळीनं मिस्त्रीनं भोकं पाडली. पंधरा दिवस जेवणाची सुट्टी कुणी जेवणात घालवली नाही. किशनरावांना आम्ही त्या खोलीच्या आसपास फिरकू दिलं नाही.

पडताळणीचा दिवस आला. वाजवून पाहायलाही वेळ मिळाला नव्हता, शेवटचं भोक सकाळीच पाडलेलं. साहेब आले. मोठे कडक गृहस्थ, त्यांची ख्याती एकच, कागद दिसला की सही. सही लफ्फेदार, खाली दोन रेघा, आणि शेवटी एक टिंब. ते असं दाबून, की कार्बनच्या चौथ्या प्रतीवरही उमटावं.

"वाजवा," साहेब म्हणाले.

मिस्त्रीनं पायडल मारलं. पट्ट्या खाली गेल्या. चाल अगदी बरोबर! पण सगळी उजव्या टोकाला, चिरक्या सुरात. पाळणा म्हणणाऱ्या बाया गप्प बसून आतलं बाळच गायला लागावं, तशी. वाघमारेनं कपाळाला हात लावला. साहेबांच्या कपाळाला आठी. बाहेर हातगाडीचं चाक करकरलं.

मिस्त्रीनं कसंबसं शेवटापर्यंत नेलं, कागद उलटा गुंडाळून सुरुवातीला आणला आणि वाकून बघितला. मग माझ्याकडे वळला.

"भाऊसाब, डाव्या बाजूला हे एवढं कोरं कशाला सोडलंय?"

मी बघितलं. डावीकडे पाव कागद कोरा. पेन्सिलीची सरळ रेघ, आणि सगळं गाणं रेघेच्या पलीकडून सुरू. रेघ माझीच होती.

"समास आहे तो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तीस वर्षं कागद पुढं आला की आधी समास, मग मजकूर.

साहेब उठले, पुढं आले, आणि चष्मा वर करून कागद न्याहाळू लागले. साहेबांनी रेघेवरून बोट फिरवलं.

"पाव समास," ते म्हणाले. "सरळ. हल्ली समास कोण सोडतो?"

आणि त्यांनी पेन काढलं. कागद बाज्याच्या पितळी पट्टीवर, नळ्यांच्या तोंडांवर, ताणलेलाच होता. तिथंच, समासात, त्यांनी शेरा लिहिला, "पाहिले. ऐकले. वाद्य चालू स्थितीत." खाली लफ्फेदार सही. दोन रेघा.

"साब," मिस्त्री घाईनं म्हणाला, "पेन जरा हलक्या हातानं..."

साहेबांनी टिंब दिलं.

"हं," ते खुर्चीत बसत म्हणाले, "आता पुन्हा एकदा वाजवा. सगळ्यांना ऐकू द्या."

मिस्त्रीनं पायडल मारलं. कागद सरकला. आणि पाळणा सुरू व्हायच्या आधी, बाज्याच्या पार डाव्या टोकाची, कित्येक वर्षं न हललेली पट्टी खाली गेली. खोल, गंभीर, एकच आवाज आला. घुम्म!

साहेब दचकले. "हे काय होतं?"

मिस्त्री टोपी काढून अदबीनं म्हणाला, "तुमची सही, साब."